सतरा मतांपासून पावणेसहा लाखांपर्यंत

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बडोद्यातून काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड निवडून आले, ते भाजपच्या जितेंद्र सुखडियांपेक्षा अवघी १७ मतं जास्त मिळवून. दांडिया बाजारातल्या एकेका वाड्यात तेव्हा याहून जास्त मतदार राहत. २०१९ मध्ये भाजप ३०३ जागा घेऊन केंद्रात परतला, तेव्हा याच मतदारसंघात त्याच पक्षाच्या रंजनबेन भट्ट यांचं मताधिक्य होतं ५,८९,१७७. निवडणुकांचा अभ्यास करताना मी या दोन आकड्यांकडे पुन्हा पुन्हा येतो.

दिल्लीतलं सरकार टिकलं म्हणजे बडोदं त्याच्या बाजूनं होतं, असं पूर्वी गृहीत धरता येत नसे. १९६७ मध्ये काँग्रेस सत्तेवर राहिली. इथून गेले स्वतंत्र पक्षाचे पाशाभाई पटेल. १९७१ मध्ये इंदिराबाईंची लाट होती. बडोद्यानं फत्तेसिंहराव गायकवाडांना निवडलं, आणि ते उभे होते इंदिराबाईंच्या विरोधातल्या संघटना काँग्रेसकडून. राजघराण्याची पुण्याई त्यात होतीच. पण समोरचा माणूस कोण, हे मतदार बघत होता. १९९१ मध्ये टीव्हीवरची सीता, दीपिका चिखलिया, इथून भाजपच्या खासदार झाल्या, तेव्हाही आकर्षण उमेदवाराचंच होतं.

१९९८ पासून ही जागा भाजपनं गमावलेली नाही. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी इथून ५,७०,१२८ मतांनी जिंकले, मग वाराणसी ठेवून त्यांनी बडोदं सोडलं, आणि पोटनिवडणुकीत रंजनबेन आल्या. खरा धडा मात्र २०२४ चा. रंजनबेनना तिसऱ्यांदा उमेदवारी जाहीर झाली, पक्षातूनच उघड विरोध झाला, आणि मार्चमध्ये त्यांनी वैयक्तिक कारण देऊन माघार घेतली. त्यांच्या जागी डॉ. हेमांग जोशी आले. लोकसभेला ते पहिल्यांदाच उभे होते आणि मतदानाला जेमतेम दीड महिना उरला होता. निकाल लागला: मताधिक्य ५,८२,१२६. माणूस बदलला, आकडा हलला फक्त ७,०५१ नं. त्याच निवडणुकीत देशभरात भाजप ३०३ वरून २४० वर आला होता, तरीही.

विश्लेषक याला 'सुरक्षित मतदारसंघ' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. इथली लढत संपलेली नाही, ती जागा बदलून पक्षाच्या आत गेली आहे. बडोद्याचा खासदार कोण, हे ७ मेच्या मतदानापेक्षा मार्चमधल्या माघारीच्या आणि नव्या नावाच्या दोन दिवसांत जास्त ठरलं, आणि त्या दोन दिवसांत सामान्य मतदाराला मत नव्हतं. पेज प्रमुखापर्यंत, म्हणजे मतदार यादीचं एकेक पान सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यापर्यंत, पोचलेली भाजपची बांधणी कौतुकाची आहे, ती मेहनतीनं उभी राहिली आहे. विरोधकांकडे तिच्या तोडीचं काही नाही, हा दोष विरोधकांचा. पण २०१४ ला सत्तर टक्क्यांच्या वर असलेलं मतदान २०२४ ला बासष्टच्या आसपास आलं, याची काळजी जिंकणाऱ्यांनीही करायला हवी. उमेदवार ठरवताना पक्षानं निदान आपल्या स्थानिक सदस्यांचं मतदान घ्यावं, अशी माझी मागणी आहे, आणि ती मी भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांकडे करतो.