सुरतेतलं आमचं आरमार

रविवारी लेकाला तापीकाठचा जुना किल्ला दाखवायला नेलं. "पप्पा, इथे जहाजं यायची?"

"हो. १६६४च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला."

"मग मलाही आरमार हवं, अंतराळातलं!"

टेबलावर लढाई खेळायची विकतची यानं मला परवडणारी नव्हती. वाईट वाटलं. उधन्याला आमच्या लूमच्या कारखान्यातून धाग्याचे रिकामे कोन, तुटक्या बॉबिन आणल्या. घरातली संपलेली पेनं घेतली. कोनाचं जहाज, बॉबिनची इंजिनं, पेनांच्या तोफा. खर्च फक्त चंदेरी रंगाचा.

यंदा दिवाळीच्या किल्ल्यासमोर बारा यानं उभी होती. लेक मित्रांना सांगत होता, "विकतची नाहीत, पप्पांच्या कारखान्यातली!"