पत्ता नसलेलें घर

घराला दार असणें आणि त्या दारापर्यंत वाट असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कारण आपल्या गांवांत जेथें दार तेथें वाट असतेच. इंटरनेटच्या वसाहतींत मात्र दार सताड उघडें असूनहि वाटच नसलेलीं घरें आज असंख्य आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांस त्याची वार्ताहि नसते.

आमची हुपरी चांदीच्या पैंजणांसाठीं प्रसिद्ध. येथें घर आणि कारखाना यांच्यामध्यें पुष्कळदां एक भिंतच काय ती असते. एका घरीं तार ओढली जाते, दुसऱ्या घरीं घुंगरें जोडलीं जातात, तिसऱ्या घरीं माल चकाकतो. अशा घराच्या मालकास परगांवीं असतांना आपली भट्टी व तिजोरी डोळ्यांसमोर असावी असें वाटल्यास नवल नाहीं. आमच्या शेजारच्या कारखानदारांनीं याचकरितां कॅमेरा बसविला आणि राउटरमध्यें पोर्ट फॉरवर्डिंगहि करून ठेविलें. तथापि बाहेरून कांहींच दिसेना. "सर, दार तर उघडं ठेवलंय, पण आत कोण यीना बघा," असें म्हणत ते आमच्याकडे आले.

या विद्येचें मर्म साधें आहे. घरांतील यंत्रें बहुधा 192.168 नें आरंभ होणारे खासगी आयपी पत्ते वापरतात. तेच पत्ते लाखों घरांत असतात. बाहेरच्या जगास दिसतो तो एकटा राउटर. देवडीवरच्या पहारेकऱ्याप्रमाणें तो आंतून गेलेल्या निरोपाचें उत्तर बरोबर ज्याचें त्यास पोंचवितो. पण आपण होऊन आलेल्या पाहुण्यास कोठें न्यावें हें त्यास ठाऊक नसतें. 'अमुक क्रमांकाच्या पोर्टवर येईल त्यास अमुक यंत्राकडे ने' असें त्यास बजावून ठेवणें, हेंच पोर्ट फॉरवर्डिंग.

आम्हीं क्रमानें तपासणी केली. कॅमेऱ्याचा घरगुती पत्ता बदलला आहे काय? (राउटर पुन्हां सुरू झाल्यावर तो बदलूं शकतो, म्हणून तो कायमचा राखून ठेवावा.) कॅमेरा त्या पोर्टवर घरच्या घरीं तरी उत्तर देतो काय? परीक्षा घरच्या वाय-फायवरून न घेतां मोबाइलच्या स्वतंत्र जोडणीवरून घेतली काय? कारण आंतून निघून बाहेरच्या पत्त्यानें पुन्हां आंत येणारी फेरी कित्येक राउटर मानीत नाहींत. हें सर्व यथास्थित निघालें. मग राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता पाहिला. तो 100.72 नें आरंभ होत होता. बाहेरच्या जगास दिसणारा पत्ता सर्वस्वीं निराळा होता. निदान झालें.

जुन्या 32 बिटांच्या पद्धतींत एकंदर पत्ते 4,29,49,67,296. त्यांचा मध्यवर्ती सांठा 3 फेब्रुवारी 2011 रोजीं वांटून संपला. पुढें 2012 सालीं 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत उपयोगाकरितां राखून ठेवण्यांत आले, आणि एका पत्त्याखालीं अनेक घरें नांदूं लागलीं. आमच्या शेजाऱ्यांच्या देवडीबाहेर आणखी एक देवडी होती, आणि तिची किल्ली त्यांच्या हातीं नव्हती.

उपाय तीन. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागून घ्यावा. 128 बिटांची नवी आयपीव्ही6 पद्धति मिळत असल्यास ती स्वीकारावी. अथवा घरांतूनच बाहेरच्या विश्वासू ठिकाणीं व्हीपीएनची जोडणी करून ठेवावी व आपणहि तिच्याच वाटेनें आंत पाहावें. आम्हीं तिसरा सुचविला. उघडें दार धन्याला ओळखत नाहीं. 2016 सालीं मिराई नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें कारखान्यांतून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले होते. चांदीच्या घराचा कॅमेराच चोराचा डोळा झाला तर काय करावयाचें?

कॅमेरा आतां दिसतो. तरी एक शल्य उरतेंच. या जाळ्याची मूळ कल्पना अशी कीं, प्रत्येक यंत्रानें हांक मारावी आणि दुसऱ्याच्या हांकेस ओहि द्यावी. आज पुष्कळ घरांना पहिलाच अधिकार उरला आहे. जेथें घरोघर कांहीं घडवून जगाकडे पाठविलें जातें, त्या गांवास येथें मात्र केवळ गिऱ्हाइकाची जागा मिळावी, हें आम्हांस रुचत नाहीं. नव्या पद्धतींत पत्त्यांना तोटा नाहीं. तेव्हां जोडणी घेतांना वेगाबरोबरच 'आमच्या घरास स्वतःचा पत्ता मिळेल काय?' असेंहि प्रत्येक गृहस्थानें विचारावें.