देपालपूरचं नाव आणि धारची शिळा

इंदूरच्या मराठी घरांत माळव्याचा इतिहास म्हटला, की आपण थेट मल्हारराव होळकरांपासून सुरुवात करतो. देपालपूरला गेलं की तो पाचशे वर्षं मागे सरकतो.

इंदूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरचं हे तहसिलीचं गाव. परमार राजा देवपालाने ते वसवलं आणि इथला मोठा तलावही त्यानेच बांधला, असं मानतात. पावसाळा संपता संपता, तलाव भरलेला असताना इथे जावं.

देवपालाच्या आधी धारच्या गादीवर त्याच्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला अर्जुनवर्मा होता. त्याचे ताम्रपट १२११ ते १२१५ या काळातले आहेत. गुजरातशी लढणारा हा राजा कवितेत रमणारा होता. ‘अमरुशतक’ हा संस्कृतातल्या शृंगारिक श्लोकांचा संग्रह. चार ओळींत रुसवा, भांडण, समजूत सगळं येतं. त्यावर अर्जुनवर्म्याने ‘रसिकसंजीवनी’ नावाची टीका लिहिली. आपले गुरू, कवी मदन, यांचे श्लोकही त्याने तिच्यात दिले आहेत.

याच मदनाने राजाला नायक करून ‘पारिजातमंजरी’ हे नाटक लिहिलं. धारच्या वसंतोत्सवासाठी रचलेलं हे नाटक चक्क दगडावर कोरलं गेलं. १९०३ मध्ये धार संस्थानचे शिक्षण अधीक्षक के. के. लेले यांना त्याची शिळा सापडली. तिच्यावर ८२ ओळी आहेत. चारपैकी पहिले दोनच अंक. उरलेले दोन अंक हरवले आहेत.

आपल्यासाठी खरी गंमत पुढे आहे. या नाटकात संस्कृतबरोबर प्राकृतही आहे आणि प्राकृतातली पद्यं महाराष्ट्रीत आहेत. मराठीची पूर्वज मानली जाते, तीच ही महाराष्ट्री!

आपली मुलं शाळेत, मित्रांत हिंदी बोलतात. मराठी घरापुरती उरते. “आपण इथले नाही का?” असं कधीतरी विचारतातही. तेव्हा एखाद्या रविवारी त्यांना आधी देपालपूरचा तलाव दाखवावा, मग बेटम्यामार्गे धारला न्यावं आणि वाटेत या राजाची गोष्ट सांगावी. आपली घराणी माळव्यात मराठ्यांच्या फौजांमागोमाग आली हे खरंच. पण आपल्या भाषेची पणजी त्याआधी पाचशे वर्षं इथल्या राजाच्या नाटकात गात होती.