खाड्याचा हिशेब

ऊसतोड करणाऱ्या बायकांसाठी जे उपक्रम चालतात त्यांच्यावर लिहा, असं संपादकांनी कळवलं. सोपं लिहा, डॉक्टरी शब्द नकोत, असंही बजावलं. प्रयत्न करते. पण चार वर्षांपूर्वी आलेली एक बाई अजून डोक्यातून जात नाही, आणि तिच्याबद्दल सांगायचं तर थोडं डॉक्टरी बोलावंच लागेल.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं बायकांचा दवाखाना चालवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली गावं ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बिऱ्हाड टाकून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची मात्र दोघांनी. बाई आजारी पडून राहायच्या कोपीत बसली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

ती आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. “म्याडम, पिशवी काढून टाका. पांढरं जातंय, कंबर धरती. लेकरं झाली, आता तिचं काय काम?”

मी तपासलं. पातळ केलेल्या ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याच आम्लाचा बोळा गर्भाशयाच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबायचं. कर्करोगाच्या आधीचा बदल असेल तर तिथे पांढरा डाग उमटतो. तिला उमटला नाही. साधा जंतुसंसर्ग होता. गोळ्यांनी बरा होणारा. फक्त या प्रकारात गोळ्या नवऱ्यानेही त्याच वेळी घ्यायच्या असतात, नाहीतर पुन्हा तेच. मी हे सगळं समजावलं आणि पिशवी काढायला नकार दिला.

ती शांतपणे म्हणाली, “फडात पाणी नाही, आडोसा नाही. परत झालं तर खाडा तुम्ही भरणार का?”

महिनाभरात तिने दुसरीकडे पिशवी काढून घेतली. ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, असं तिथे तिला सांगितलं होतं.

२०१९ मध्ये आमचा जिल्हा याच कारणाने देशभर गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे सहात एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण साधारण तीन टक्के आहे.

तेव्हापासून पुण्या-मुंबईचं कुणीही भेटलं की विचारतं, “मुकादम बायकांची गर्भाशयं काढायला लावतात ना?” या प्रश्नाचा मला मनापासून त्रास होतो. माझ्याकडे एकही बाई मुकादमाने दंडाला धरून आणलेली नाही. बाई स्वतः येते, स्वतः मागते, म्हणून तर हे प्रकरण अवघड आहे. पाळीत कापड धुवायला पाणी नाही, संसर्ग हटत नाही, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, तीन दिवस बसावं तर खाडे. या हिशेबात पिशवी काढणं तिला स्वस्त पडतं. त्यात कर्करोगाची भीती घालणारा डॉक्टर भेटला की झालं. मुकादमाला खलनायक केलं की आम्ही डॉक्टर सुटतो, कारखाना सुटतो, फडाचा मालकही सुटतो.

पिशवीसोबत बीजकोशही काढले तर बाईला त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. बीजकोश ठेवले तरी अनेकींचे ते काही वर्षं आधीच थकतात. आणि हिचं पोट तर हाडांच्या ताकदीवरच चालतं. त्या गदारोळानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण पलीकडचा जिल्हा एसटीच्या एका तिकिटावर आहे.

म्हणून आता आम्ही टोळीतल्याच एका बाईला तयार करतो. चार दिवसांचं शिक्षण, एक थैली, एक वही. थैलीत लोहाच्या गोळ्या, मलम, पट्ट्या, ताप मोजायची नळी, रक्तदाबाचं यंत्र. वहीत कोण गरोदर, कितवा महिना, कुणाचं बाळ लसीचं राहिलंय. याला कुणी मोठा उपक्रम म्हणणार नाही. पण गरोदर बाईचं नाव इथल्या अंगणवाडीत, पोट तिकडच्या फडात आणि तिकडच्या नर्सच्या रजिस्टरला दोन्ही नाही, अशा वेळी ही वहीच तिचा पुरावा असते. गेल्या हंगामात रात्री साडेअकराला एकीने फडातून फोन करून एका गरोदर बाईचे वहीतले आकडे वाचून दाखवले. रक्तदाब चढला होता. पहाटे तिला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं. आई-बाळ सुखरूप आहेत. त्या रात्रीचा मला अभिमान आहे.

तरी वहीने फडात पाणी येत नाही, हे मलाही दिसतं. पाणी, संडास आणि पगारी सुट्टी देणं कारखान्याच्या हातात आहे. माझ्या थैलीत ते मावत नाही.

ती बाई गेल्या आठवड्यात आली होती. आता एकतिसाची. रात्री घामाने भिजून उठते, गुडघे बोलतात. कॅल्शियमच्या गोळ्या तिने पदरात बांधल्या. सोबत सातवीतली मुलगी होती. आई-बाप नसताना मुलांची शाळा चालू राहावी म्हणून गावात हंगामी वसतिगृह असतं. “हिला तिथं ठेवा. कोपीत नको,” एवढंच ती म्हणाली. मी मुख्याध्यापकांना फोन केला, मुलीचं नाव यादीत घातलंय. यादी मंजूर व्हायची आहे. ट्रक मंगळवारी निघतोय.