डाव्या बाजूची पदके

ऑस्ट्रेलियात एप्रिल महिना म्हणजे शरद ऋतू. मेलबर्नच्या रस्त्यांवरची झाडे तांबूस होतात, पहाटेचा वारा बोचू लागतो आणि घराघरांतले वृद्ध स्वेटरची वरची गुंडी लावू लागतात. अशाच एका पहाटे, २५ एप्रिलला, साडेतीन वाजता आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. माझे सासरे, वय वर्षे पंच्याहत्तर, दाढी करून, गडद निळा कोट घालून आणि पलटणीचा टाय बांधून खुर्चीत बसले होते. रात्रभर ते झोपले होते की नाही, कोण जाणे.

मामंजी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते. सासूबाई गेल्यानंतर सातारा जिल्ह्यातले घर बंद करून आम्ही त्यांना इकडे आणले, त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. आमच्याकडून काळजीत कसूर नव्हती. रक्तदाबाची गोळी वेळेवर, मधुमेहाचे पथ्य, गुडघ्याला शेक, न्हाणीघरात आधाराची दांडी, सगळे होते. तरीही मामंजी दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. विचारले तर ‘बरं आहे’ एवढेच म्हणायचे. जेवणही निम्म्यावर आले होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषधांत थोडा बदल केला आणि जाताना एवढेच विचारले, ‘यांना भेटायला कोण येतं?’ आम्हा दोघांनाही उत्तर देता आले नाही.

त्या वर्षी अँझॅक दिनाची बातमी दूरदर्शन संचावर पाहताना ते आपणहून म्हणाले, ‘आपण जायचं का?’ कित्येक महिन्यांत त्यांनी व्यक्त केलेली ती पहिली इच्छा. माझे यजमान लगेच म्हणाले, ‘बाबा, पहाटेची थंडी, गर्दी, उभं राहणं, नको.’ मामंजी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान खाली घातली. मला ती मान पाहवेना. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन-चार सूचना देऊन परवानगी दिली आणि आमचे जायचे ठरले.

या दिवसाची कथा थोडक्यात सांगायला हवी. २५ एप्रिल १९१५ रोजी, पहिल्या महायुद्धात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पहाटे उतरले. समोर उभे कडे, वरून गोळीबार. मोहीम आठ महिने चालली आणि अयशस्वी ठरली. आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन तरुण तिथे मृत्युमुखी पडले. त्या सैन्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ‘अँझॅक’ हा शब्द झाला. विजयाचा नव्हे, तर हरलेल्या मोहिमेचा दिवस हा देश १९१६ पासून पाळतो आहे. त्याच गॅलिपोलीत भारतीय सैनिकही लढले. शीख, गुरखे, पहाडी तोफखान्याचे जवान आणि खेचरांवरून पाणी व दारूगोळा आघाडीपर्यंत पोहोचवणारे हाकारे अशी हजारो माणसे तिथे होती. आपल्या मराठा पलटणी त्या काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होत्या. कुत येथे जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकलेल्या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली, ते सैन्य पुणे डिव्हिजनचे होते. पहिला अँझॅक दिन होऊन तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. मामंजींच्या गावाकडच्या पंचक्रोशीत त्या लढाईला गेलेल्यांच्या गोष्टी त्यांच्या लहानपणी अजून सांगितल्या जात.

निघण्यापूर्वी मी त्यांची पदके काढली. पूर्वी स्टार, संग्राम पदक आणि सेवेची इतर. सासूबाईंनी ती एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. मागच्या वर्षी शेजारचा शाळकरी मुलगा पणजोबांची पदके कोटाच्या उजव्या बाजूला लावून संचलनाला निघालेला मी पाहिला होता. इथली तशी रीत असेल असे समजून मीही मामंजींच्या उजव्या छातीवर पदके लावली आणि समाधानाने मागे सरले.

त्यांनी खाली पाहिले. मग सावकाश, थरथरत्या बोटांनी, पट्टी काढून माझ्या हातात दिली.

‘पोरी, उजव्या बाजूला गेलेल्या माणसाची लावतात. घरच्यांनी. मी अजून हाय.’

मी ओशाळले. त्यांनी मात्र हसून डावी छाती पुढे केली. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले.

मेलबर्नचे युद्धस्मारक ‘श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स’ सेंट किल्डा रस्त्यालगतच्या एका हिरव्या उंचवट्यावर आहे. १९३४ मध्ये उघडलेली ही दगडी वास्तू प्राचीन ग्रीक मंदिरासारखी दिसते. आत गाभाऱ्यासारख्या दालनात, जमिनीच्या पातळीखाली, एक संगमरवरी स्मृतिशिला बसवलेली आहे. दरवर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता छतातील झरोक्यातून येणारा सूर्यकिरण त्या शिलेवर कोरलेल्या ‘प्रेम’ या अर्थाच्या शब्दावरून सरकतो. प्रेक्षागाराच्या बाहेर, प्रांगणात, अखंड ज्योत तेवत असते.

आम्ही पोहोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता. हजारो माणसे उभी होती आणि तरीही गलबला नव्हता. कडेवर झोपलेली मुले, काठी टेकलेले आजोबा, चाकाच्या खुर्चीतल्या आज्या, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. पुष्कळांच्या कोटावर रोझमेरीची डहाळी होती. हे सुगंधी झुडूप पाश्चात्त्यांमध्ये फार पूर्वीपासून स्मरणाचे प्रतीक मानतात आणि गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ते रानोमाळ उगवते. मीही एक डहाळी मामंजींच्या पदकांजवळ खोचली.

घडीची खुर्ची आम्ही नेली होती. पण बिगूल वाजायच्या आधी मामंजी उठलेच. यजमानांनी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि ताठ उभे राहिले. मी घाबरून कुजबुजले, ‘मामंजी, चक्कर येईल.’ ते ओठ न हलवता म्हणाले, ‘बुटात बोटं हलवतोय. बेळगावला पहिल्याच महिन्यात शिकवलंय.’

ही गोष्ट मला नंतर डॉक्टरांनीही समजावून सांगितली. एकाच जागी निश्चल उभे राहिल्यास रक्त पायांत साचते, मेंदूकडे कमी पोहोचते आणि धडधाकट जवानही कवायतीत कोसळतो. पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सोडले की रक्त वर ढकलले जाते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या वृद्धांनी तर हे लक्षात ठेवावेच. बसल्यावरून एकदम उठू नये, आधी पाय हलवावेत, मग आधाराने उभे राहावे. पहाटे घराबाहेर पडताना मधुमेही माणसाने उपाशीपोटी निघू नये. एका जाड कोटापेक्षा एकावर एक पातळ गरम कपडे बरे, म्हणजे ऊन आल्यावर एकेक उतरवता येतात. कान, मान आणि तळपाय झाकलेले असावेत. गरम पाण्याचा थर्मास, दुपारपर्यंतची औषधे आणि स्वच्छतागृह कुठे आहे याची आधी केलेली चौकशी, एवढी तयारी असली की बरीच भीती कमी होते.

बिगुलाचे सूर संपले आणि मौन सुरू झाले. एक मिनिट किती मोठे असते हे मला त्या पहाटे कळले. त्या शांततेत मामंजींनी अगदी हलक्या आवाजात एक नाव घेतले. मी ते कधी ऐकले नव्हते. यजमानांनीही ऐकले नव्हते. मौन संपल्यावर पुन्हा बिगूल वाजला, यावेळी जागे करणारा. मामंजी खाली बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘शेजारच्या गावचा होता. माझ्या डाव्या हाताला होता.’ पन्नास वर्षांहून अधिक काळ हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. सासूबाईंना ठाऊक असेल कदाचित, पण आता विचारणार कोणाला?

उजाडल्यावर गर्दी पांगू लागली. शेजारच्या बाकावरचे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ मामंजींच्या पदकांकडे पाहत होते. त्यांचीही पदके डावीकडेच होती, ते व्हिएतनाम युद्धातले. त्यांनी विचारले, ‘कुठे?’ मामंजींनी सांगितले. मामंजींचे इंग्रजी पलटणीतले, त्यांचे उच्चार ऑस्ट्रेलियन. मी दुभाषी व्हायला पुढे सरसावले, पण माझी गरज पडली नाही. युद्धाच्या गप्पा पाच मिनिटांत संपल्या, गुडघ्यांच्या मात्र अर्धा तास चालल्या. पाहुण्यांनी डब्यातून अँझॅक बिस्किटे काढली. ओट, खोबरे आणि साखरेच्या पाकाची, बिनअंड्याची, म्हणून टिकाऊ. मामंजींनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि बिस्कीट अर्धे मोडून घेतले. मी दुसरीकडे पाहिले.

नऊच्या सुमारास संचलन सुरू झाले. चालू न शकणारे वृद्ध सैनिक मोटारींतून जात होते आणि रस्त्याच्या दोन्ही कडांनी लोक टाळ्या वाजवत होते. मामंजी रस्त्याकडेला खुर्चीत बसून प्रत्येक गाडीला सलाम करत राहिले. घरी परतल्यावर ते सलग चार तास झोपले आणि उठल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागितली.

एका दिवसाने सगळे पालटले असे मी म्हणणार नाही. गुडघा दुखतोच, साखर वर-खाली होतेच आणि सासूबाईंच्या आठवणीने त्यांची संध्याकाळ अजूनही जड जाते. पण तेव्हापासून दर शुक्रवारी ते त्या व्हिएतनामवाल्या मित्राबरोबर बागेत दोन फेऱ्या मारतात. आम्हीही एक सवय बदलली आहे. त्यांच्याबद्दल काही ठरवायचे असले, की आधी त्यांना विचारतो. खिडकीत रोझमेरीची कुंडी आहे, तिला पाणी तेच घालतात. ४ फेब्रुवारीला, मराठा रेजिमेंटच्या दिवशी, ते सकाळीच कोट घालून तयार होतात आणि मला हाक मारतात. पदके लावताना मी अजूनही क्षणभर थांबते. ते बोटाने जागा दाखवतात. ‘डावीकडं, पोरी.’