शेर म्हणजे कोण?

उर्दूच्या तासाला 'शेर' काढा म्हटलं की निम्मी मुलं सिंह काढतात, निम्मी वाघ. उर्दूत दोघांनाही तो शब्द चालतो. पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सिंह नाही, वाघ आहे; आणि बल्लारपूरच्या मुलांना तो मोबाईलवरच्या बातमीतूनच ठाऊक. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईवर हल्ला, गुराख्यावर हल्ला. या बातम्या खोट्या नाहीत. पण जंगलाची ओळख तेवढीच राहिली, तर मोठेपणी ही मुलं ते वाचवायला का उभी राहतील?

म्हणून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा 'चला माझ्या ताडोबाला' हा उपक्रम मला मोलाचा वाटतो. जंगलालगतच्या गावांतल्या शाळकरी मुलांना तिथे जंगल दाखवायला नेतात. ज्यांच्या शेतात रानडुकरं शिरतात, ती मुलं निदान एकदा तरी पाहुण्यांसारखी गेटच्या आत जातात. त्यातला 'माझ्या' हा शब्द महत्त्वाचा.

1908 च्या सुमारास मुंबईतल्या एका अनाथ मुसलमान मुलानं पिवळ्या गळ्याची चिमणी मारली आणि ती कोणती हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

आपल्याकडे मुलींना सहलीला पाठवताना घरचे कचरतात. हवं तर अम्मीनंही सोबत यावं. वाघ नाही दिसला तरी चालेल. पंजाचा ताजा ठसा पाहून कुठून माघारी फिरायचं, एवढं लेकीला कळलं तरी पुष्कळ.