पायऱ्यांच्या गावात आठ दिवस

"मुलांना सोडून? आणि तेही परदेशात?" शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मला चटकन उत्तर सुचलं नाही. मैत्रिणींनो, तुम्हालाही असं कुणीतरी विचारलं असेलच. परदेशाचं जाऊ द्या, माहेरी चार दिवस जास्त राहिलात तेव्हा तरी!

त्याचं असं झालं. बी.ए.ला आम्ही चौघी एका बाकावर बसायचो. एक आता पुण्याला बँकेत आहे, एक कोल्हापुरात सासरच्या कापडदुकानाचं गल्ल्यावर बसून बघते, एक लग्नानंतर मिलानला गेली ती तिथलीच झाली, आणि चौथी मी, घर सांभाळून सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. चाळिशीच्या आत एकदा चौघींनीच कुठंतरी जायचं, म्हणून पाच वर्षं भिशी लावली होती. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो पोझितानोला. इटलीच्या दक्षिणेला अमाल्फीचा किनारा आहे, तिथलं हे गाव.

नेपल्सहून आगगाडीनं सोरेंतोला आणि तिथून बसनं पोझितानोला. ती बस म्हणजे आपला वरंधा घाट समजा, फक्त दरीच्या जागी थेट समुद्र! समोरून दुसरी बस आली की आमचा ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, दोघं खिडकीतून काहीतरी बोलायचे आणि वीतभर अंतरानं बस पुढं सरकायची. कोल्हापूरकरणीनं तोवर अर्धी रामरक्षा म्हणून टाकली होती.

आणि मग एका वळणावर गाव दिसलं. काय सांगू तुम्हाला! कड्याला चिकटलेली गुलाबी, पिवळी, पांढरी घरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण. सगळ्यात खाली चर्चचा हिरव्या-पिवळ्या फरशांचा घुमट आणि त्यापलीकडे निळाशार समुद्र. दिवाळीच्या किल्ल्यावर मुलांनी हौसेनं घरं मांडावीत तसं गाव.

पण हे कौतुक बॅगा उचलेपर्यंतच टिकलं. गाडी फिरेल असा रस्ता गावात मोजकाच, बाकी सगळ्या पायऱ्या. घर जितकं वर तितकं भाडं कमी, म्हणून मिलानकरणीनं स्वयंपाकघरासकट दोन खोल्या घेतल्या होत्या त्या बऱ्याच वर. चढताना पुणेकरीण पायऱ्या मोजत होती, दोनशेनंतर तिनंही नाद सोडला. इथं सामान वाहायला हमाल मिळतात, आणि घरबांधणीची वाळू-विटा अजूनही खेचरांच्या पाठीवरून वर जाताना दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर किनाऱ्यावर गाडीरस्ताच नव्हता. होडीनं यायचं, नाहीतर खेचरांच्या वाटेनं.

पहिले दोन दिवस माझं शरीर पोझितानोत आणि जीव घरी. रोज संध्याकाळी फोन. "डाळ भिजत घातली का? धाकटीच्या डब्याला काय दिलंत? गॅस बंद केला ना?" तिसऱ्या दिवशी सासूबाई फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, रोज कशाला फोन करतेस? आम्ही जेवतोय, मुलं हसतायत. तू जिवाची इटली कर!" त्यांनी अगदी मायेनंच म्हटलं. पण खरं सांगू? मला रडू आलं. बारा वर्षं जे घर माझ्यावाचून तासभर चालत नाही असं मी समजत होते, ते खुशाल चाललं होतं. मग मी तिकडं कोण होते?

मैत्रिणी काही बोलल्या नाहीत. कोल्हापूरकरणीनं आलं घालून चहा केला आणि दुसऱ्या दिवशी मला ओढून डोंगरावर नेलं.

बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत कड्याच्या कमरेवरून एक पायवाट जाते. तिचं नावच 'देवांची वाट'. चालायला तीनेक तास पुरतात. खाली समुद्र, वर डोंगर आणि उतारावर लिंबांच्या बागा. उतारावर दगड रचून, चुना-सिमेंट न वापरता बांध घातलेत, आणि त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात चेस्टनटच्या लाकडांच्या मांडवाखाली लिंबं वाढतात. आपल्या कागदी लिंबासारखी नव्हेत, लांबट, टोकदार आणि चांगली मूठभर. साल जाड आणि सुगंधी, आतला पांढरा गर कडू नसतो. लोक त्याच्या चकत्या मीठ किंवा साखर लावून चक्क खातात.

संध्याकाळी आमच्या घरमालकीणबाईंनी अशीच चार लिंबं आणून दिली. सत्तरीच्या बाई रोज या पायऱ्या चढत होत्या. मी मिलानकरणीमार्फत विचारलं, "पूर्वी ही लिंबं डोंगरावरून खाली कशी यायची?" बाईंनी नुसती आपली मान आणि खांदे थोपटले. मग सांगू लागल्या. इथून पुढं मायोरी-मिनोरीकडं बागांतली लिंबं बायकाच वाहून आणायच्या. पन्नास किलोंहून जास्त वजनाची टोपली पाठीवर, अशा शेकडो पायऱ्या, दिवसातून कितीतरी खेपा. त्यांना लोक 'फोर्मिकेल्ले' म्हणत, म्हणजे छोट्या मुंग्या.

मैत्रिणींनो, त्यानंतर मला ते गाव निराळंच दिसायला लागलं. चित्रातल्यासारखा हा किनारा, 1997 साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून गौरवलेला, तो असा बायकांच्या पाठीवरही उभा आहे. आपली ओझी लिंबांची नसतात, एवढाच फरक.

शेवटच्या दिवशी त्या घुमटाच्या चर्चमध्ये गेलो. वेदीवर मेरीमातेची सावळी प्रतिमा आहे, बायझंटाइन धाटणीची. तिची कथा अशी सांगतात, की ही प्रतिमा घेऊन एक जहाज चाललं होतं. या किनाऱ्याजवळ वादळ उठलं आणि खलाशांना आवाज ऐकू आला, "पोसा, पोसा!" म्हणजे "ठेव, खाली ठेव!" त्यांनी प्रतिमा इथं उतरवली, वादळ शमलं, आणि म्हणे त्यावरूनच गावाला नाव पडलं. दंतकथाच ती. पण मी हात जोडून उभी होते आणि मनात तेच दोन शब्द घुमत होते. त्या संध्याकाळी मी घरी फोन केला नाही.

तुम्ही जाणार असाल तर चार उपयोगी गोष्टी सांगते. शेंगेन व्हिसासाठी पुष्कळ आधी अर्ज करा. जुलै-ऑगस्टात गर्दी आणि उकाडा फार, मे किंवा सप्टेंबर बरा. बसचं तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात छापून घ्यायचं. अमाल्फीला बोटीनं जा, गाव समुद्रातूनच खरं दिसतं. कॉफी उभ्यानं प्यायलात तर स्वस्त, खुर्चीवर बसलात की महाग. शाकाहारी असाल तर टोमॅटोचा पास्ता आणि मार्गारिटा पिझ्झा आहेच, पण पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, चालत नसेल तर ते घालू नका म्हणून सांगा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तिथं आपला पंजाबी ड्रेस उत्तम. आणि टाचेच्या चपला घरीच ठेवा!

एक घरगुती युक्तीही घेऊन आले. लिंबाची पिवळी साल तेवढी अलगद किसून श्रीखंडात किंवा रव्याच्या केकमध्ये घालायची. आपल्या लिंबाची साल पातळ असते, म्हणून पांढरा भाग येणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर कडू लागतं.

परत आले तेव्हा ओटा चिकट होता, मुलांचे कपडे चुरगळलेले होते आणि सगळे मजेत होते. आधीची मी असते तर पदर खोचून तेव्हाच ओटा घासायला घेतला असता. मी बसले. ह्यांनी चहा केला, साखर जरा जास्तच पडली होती. आता दर शनिवारचे डबे हे आणि मुलं मिळून करतात. पोळ्या कशाही आकाराच्या होतात. मी स्वयंपाकघरात डोकावत नाही.

डोकवावंसं वाटतं. पण मग स्वतःलाच म्हणते, "पोसा, बाई, पोसा!"